अनसूयाबाईंनी सोडलेली जागा

सोलापुराहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नळदुर्ग मागे पडल्यावर, जळकोट हे गाव लागते. अशा गावांच्या पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचा कायदा महाराष्ट्राने २०११ साली केला. पुढे २०२३ साली लोकसभा व विधानसभा यांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांना देण्याची घटनादुरुस्तीही संसदेने संमत केली. जागांचा प्रश्न असा मार्गी लागत असताना, मिळालेल्या जागेचे करावयाचे काय, हा प्रश्न मात्र पुष्कळ ठिकाणी अनुत्तरितच राहतो. सही बाईंची आणि कारभार यजमानांचा, हा प्रकार गावोगाव परिचयाचा आहे. म्हणूनच नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांच्या चरित्राकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अनसूयाबाईंचा जन्म १८९६ सालचा. १९२८ साली मध्यप्रांताच्या कायदेकौन्सिलात सरकारने त्यांची नेमणूक केली. स्त्रियांना कौन्सिलांची दारे नुकतीच कोठे उघडली होती. त्या काळी अशी नेमणूक म्हणजे मोठाच मान. परंतु अवघ्या दोन वर्षांत, १९३० साली, कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. मध्यप्रांत-वऱ्हाडास समुद्रकिनारा नाही. तेव्हा तेथे मिठाऐवजी जंगलचा कायदा मोडण्यात आला, आणि पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी त्याचे नेतृत्व केले. सरकारने दिलेली जागा सांभाळावी, की ज्यांच्या नावाने ती मिळाली त्या लोकांबरोबर जावे, हा पेच अनसूयाबाईंपुढे उभा राहिला. त्यांनी राजीनामा दिला आणि तुरुंगाची वाट धरली.

सोडलेली जागा पुढे लोकांनीच त्यांना परत दिली. १९३५ च्या कायद्याने मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा ठरविल्या. त्यांपैकी स्त्रियांसाठी राखीव अवघ्या ३. या विधानसभेत अनसूयाबाई निवडून आल्या आणि १९३७ साली तिच्या उपाध्यक्ष झाल्या. जळकोटचा मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होता आणि जबाबदार राज्यपद्धती हे तेथील रयतेचे स्वप्नच होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या निवडीचे मोल कळते.

तथापि त्यांच्या चरित्रातील सर्वांत तेजस्वी भाग सभागृहाबाहेरचा आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चांदा जिल्ह्यातील चिमूर व वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जनक्षोभाचा भडका उडाला. सरकारी अधिकारी व पोलीस मारले गेले. त्यानंतर चिमूरवर लष्कर घालण्यात आले. तेथील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी प्रदीर्घ उपोषण केले. विशेष न्यायालयांनी अनेकांना फाशीची शिक्षा सुनावली. या लोकांचे प्राण वाचविण्याचे काम अनसूयाबाईंनी अंगावर घेतले. अपिले, अर्ज, निधी, पत्रव्यवहार असे ते चिकाटीचे काम होते. गांधीजींनीही त्यात लक्ष घातले. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊनही तेथे यश आले नाही. परंतु अखेर १९४५ साली व्हाइसरॉय वेव्हेल यांनी, फाशीच्या छायेत उरलेल्या कैद्यांची ती शिक्षा रद्द करून त्यांना जन्मठेप दिली.

अहिंसेची दीक्षा घेतलेल्या बाईने खुनाच्या आरोपींसाठी का झटावे, असे कोणी विचारील. जमावाने केलेल्या हत्यांचे समर्थन आम्हीही करणार नाही. परंतु माणसाचे कृत्य निंद्य ठरविणे वेगळे आणि सुडाच्या वातावरणात त्याला फासावर चढू देणे वेगळे. हा विवेक ज्याला करता येतो, त्याच्याच अहिंसेला अर्थ असतो.

अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपदही अनसूयाबाईंनी भूषविले. १९५२ साली व पुन्हा १९५७ साली नागपूरने त्यांना लोकसभेवर धाडले. १९५८ साली, महाराष्ट्र राज्य जन्मास येण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यांच्या रिकाम्या जागेवर १९५९ च्या पोटनिवडणुकीत निवडून आले ते, १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे नेते बापूजी अणेच.

शेजारच्या गोव्यात १९७३ साली शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्रात मात्र १९६० ते २०२० या साठ वर्षांत त्या पदावर एकही स्त्री बसली नाही. राखीव जागांची आवश्यकता यावरून पुरेशी सिद्ध होते. त्या जागा दयेचे दान आहेत असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मात्र कायद्याने खुर्ची मिळते, अधिकार वापरण्याची धमक मिळत नाही. ती ज्याची त्यालाच कमवावी लागते. जळकोटची असो की नागपूरची, सभासद स्त्रीने सही करण्यापूर्वी कागद वाचावा, न पटल्यास नकार द्यावा आणि दुर्बलाच्या बाजूने उभे राहताना जागा गेली तरी खंत मानू नये. एवढे झाले, तर अनसूयाबाईंनी १९३० साली सोडलेली जागा वाया गेली नाही असे म्हणता येईल.