गळ टाकून बसलेला चरित्रकार

गेल्या वर्षी सरांनी जॉन डनच्या कविता शिकवायला घेतल्या, तेव्हा बोलण्याच्या ओघात त्यांनी एक गंमत सांगितली. डनचे पहिले चरित्र लिहिणारा माणूस लंडनमधला कापडाचा दुकानदार होता आणि आज जग त्याला ओळखते ते मासे गळाला लावण्यावरच्या एका पुस्तकामुळे. वर्गात हशा पिकला. मीही हसलो, पण ते हसू माझे मलाच टोचले.

आमचे घर खाडीकाठचे. माझे वडील गेले, त्यानंतर महिना उलटतो न उलटतो तोच आजोबा पुन्हा गरी घेऊन खाडीवर जाऊ लागले. पोटचा मुलगा गेला आणि हा म्हातारा गरवायला बसतो, याचा मला विलक्षण राग आला होता. दोन वर्षे मी त्यांच्याशी धड बोललो नव्हतो. मासे पकडण्यावर तीनशे पाने लिहिणारा माणूस तरी असा कोण, हे पाहावे म्हणून मी ग्रंथालयातून आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ काढले आणि त्याच्या चरित्राच्या नादी लागलो.

वॉल्टनचा जन्म १५९३ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड या गावी झाला. वडील मद्यालय चालवीत. आयझॅक चार वर्षांचाही नव्हता, तेव्हा ते वारले. पुढे तो लंडनला आला आणि कापडाच्या धंद्यात उमेदवारी करू लागला. १६१८ मध्ये लोहव्यापाऱ्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला. धंदा मात्र कापडाचाच राहिला. विद्यापीठाची पायरी तो कधी चढला नाही. फ्लीट स्ट्रीटवर दुकान थाटल्यावर सेंट डन्स्टन हे त्याच्या वस्तीचे चर्च झाले आणि १६२४ पासून तिथे धर्मगुरू होता जॉन डन! इंग्लंडमधल्या एका अत्यंत बुद्धिमान कवीची प्रवचने हा दुकानदार ऐकत असे. त्यातून दोघांचा स्नेह जुळला. मृत्यूपूर्वी डनने जवळच्या मित्रांना नांगरावरच्या ख्रिस्ताची आकृती कोरलेल्या मुद्रा दिल्या, त्यांतली एक वॉल्टनला मिळाली.

डनचे चरित्र खरे म्हणजे सर हेन्री वॉटन लिहिणार होता. तो इटन विद्यालयाचा प्रमुख आणि वॉल्टनचा गळाचा सोबती. वॉल्टन त्याच्यासाठी माहिती गोळा करीत होता. वॉटन १६३९ मध्ये वारला आणि डनची प्रवचने तर छापखान्यात जायची होती. शेवटी वॉल्टननेच लेखणी उचलली. १६४० मध्ये ते चरित्र प्रसिद्ध झाले. पुढे त्याने वॉटन, हूकर, जॉर्ज हर्बर्ट आणि सँडरसन यांचीही चरित्रे लिहिली. इंग्रजी चरित्रवाङ्मयाच्या आरंभी आज या पाचांचा आदराने उल्लेख होतो.

पण त्याच १६४० साली त्याच्या घरात काय घडत होते? त्याची पत्नी रेचेल त्या वर्षी वारली. तिला सात मुले झाली. सातही बालपणीच दगावली. पुढे त्याने अ‍ॅन केन हिच्याशी दुसरा विवाह केला. त्या संसारातलाही एक मुलगा तान्हेपणीच गेला. इतकी मुले पुरून आलेला बाप कसा जगला असेल, हा प्रश्न वाचताना माझ्या मनातून जाईना.

घराबाहेरही सगळे कोसळत होते. राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. वॉल्टन राजाच्या पक्षाचा. ३० जानेवारी १६४९ रोजी पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला. त्याच्या चर्चची प्रार्थनापोथी वर्ज्य ठरली, ओळखीचे धर्मगुरू आपापल्या जागांवरून हाकलले गेले. १६५१ च्या वूस्टरच्या लढाईत दुसरा चार्ल्स हरून पळाला, तेव्हा त्याचे एक रत्नजडित मानचिन्ह मागे राहिले. ते हातोहात वॉल्टनकडे आले आणि त्याने ते लपवून लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असलेल्या राजनिष्ठ सरदारापर्यंत पोहोचवले. पकडला गेला असता तर धडगत नव्हती. या शांत माणसाच्या आयुष्यातले हे एकच साहस.

आणि यानंतर दोनच वर्षांनी, १६५३ मध्ये, वयाच्या साठीला त्याचे मासेमारीचे पुस्तक आले! किंमत दीड शिलिंग. मुखपृष्ठावर लेखकाचे नावही नव्हते.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. मे महिन्याची सकाळ. लंडनबाहेर टॉटनहॅमच्या टेकडीवर एका मासे गरवणाऱ्याला वाटेत एक जण भेटतो. पहिल्या आवृत्तीत तो नुसता वाटसरू आहे. पुढच्या आवृत्त्यांत त्याचा शिकारी झाला आणि ससाणे पाळणारा तिसराही आला. आपापल्या छंदाची थोरवी सांगता सांगता शिकारी या गरवणाऱ्याचा शिष्य बनतो. मग दोघे ली नदीच्या काठाने हिंडतात. कोणता मासा कुठे, कोणत्या वेळी आणि कोणत्या आमिषाला लागतो, हे गुरू दाखवीत जातो. पाऊस आला की दोघे झाडाखाली थांबतात. गवळण गाते ते ऐकतात. रात्री खाणावळीत मासा शिजतो आणि लव्हेंडरचा वास येणाऱ्या चादरींवर झोप लागते. शिष्याच्या हातून मोठा मासा दोरी तोडून निसटतो, तेव्हा गुरू रागावत नाही. असा मासा लागला की मी काठीच पाण्यात सोडून देतो, माशाला दमू देतो आणि मग काठी परत मिळवतो, असे तो सांगतो.

त्या काळी गळाची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळलेली असे. १६७६ च्या आवृत्तीला वॉल्टनचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने कृत्रिम माशी बांधून ट्राउट पकडण्याचा भाग जोडला. मोकळ्या पाण्यात दोन केसांच्या दोरीवर वीस इंची ट्राउट आणता येत नसेल, तर त्याने स्वतःला गरवणारा म्हणवू नये, असे कॉटनचे मत. दोन केस! ओढले की तुटणार. काठी वाकू द्यायची, मासा पळेल तिकडे पळू द्यायचा, तो थकला की हळूच आणायचा. इथे बळाचा उपयोगच नाही.

वॉल्टनच्या हयातीतच अटलांटिकपलीकडे इंग्रजांच्या नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. तिथल्या किनाऱ्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळ्या रेघा असलेला पट्टेरी बास मासा इतका मिळे की, लोक तो शेतात खत म्हणून टाकीत. १६३९ मध्ये मॅसॅच्युसेट्सला हे कायद्याने बंद करावे लागले. १६७० मध्ये प्लिमथ वसाहतीने मासेमारीच्या उत्पन्नातून मोफत शाळा चालवण्याचे ठरवले. त्या माशांत बासही होता. विसाव्या शतकात हा मासा इतका घटला की, मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० त्याच्या मासेमारीवर बंदी घातली. आज त्याच किनाऱ्यावर जाणकार वाटाडे हौशी लोकांना होडीतून नेतात, हाती हलकी काठी आणि बारीक दोरी देतात, भरती-ओहोटीचे पाणी वाचायला शिकवतात, आणि पुष्कळदा पकडलेला मासा परत सोडायला लावतात. पैसे घेऊन का होईना, हे नाते वॉल्टनच्या गुरु-शिष्यांचेच आहे.

वॉल्टनवर टीकाही झाली. क्रॉमवेलच्या सैन्यातल्या रिचर्ड फ्रँकने, हा दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचलतो, असा ठपका ठेवला. त्यात तथ्य आहे. १५७७ च्या एका जुन्या पुस्तकातही असाच गुरू आणि असाच वाटसरू आढळतो. जिवंत बेडूक गळाला लावण्याची कृती वॉल्टन मायेने सांगतो, म्हणून बायरनने त्याला क्रूर ठरवले. तो आक्षेप मला खोडता येत नाही. माशाला वेदना होते की नाही, याचा विचार वॉल्टनने केलेला दिसत नाही.

दुसरी पत्नी १६६२ मध्ये गेली. उरलेली वर्षे त्याने बिशप मॉर्ली या मित्राच्या आश्रयाने आणि मुलीच्या घरी काढली. ९ ऑगस्ट १६८३ रोजी, नव्वदाव्या वाढदिवशी, त्याने स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहायला घेतले. शॅलोफर्ड इथले घर व जमीन त्याने स्टॅफर्डच्या गरिबांसाठी ठेवली. तिच्या उत्पन्नातून दोन मुलांना धंदा शिकायला पाठवायचे, एका मुलीच्या लग्नाला मदत करायची आणि उरलेल्या पैशांतून ऐन थंडीत गरिबांना कोळसा द्यायचा. मृत्युपत्रावर त्याने डनची मुद्रा उमटवली. १५ डिसेंबर १६८३ रोजी विंचेस्टर इथे तो वारला. तिथल्या कॅथीड्रलमध्ये त्याची समाधी आहे. तिच्यावरची रंगीत काचेची खिडकी १९१४ मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या गरवणाऱ्यांनी मिळून दिली.

हे पुस्तक रिकामटेकड्या, सुखवस्तू माणसाचे असेल, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची ठरली. आठ मुले, पहिली पत्नी, राजा आणि चर्च गमावलेला माणूस नदीकाठी बसून शांत कसे राहावे ते दुसऱ्याला शिकवीत होता. आपल्या दुःखाचे मात्र त्याने पुस्तकात कुठे प्रदर्शन मांडले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आजोबांबरोबर खाडीवर गेलो. त्यांनी काही विचारले नाही. कोलंबी गरीला कशी लावायची ते दाखवले, पाणी फिरेपर्यंत थांबायला सांगितले आणि एका खडकाकडे बोट करून मला तिथे बसवले. बराच वेळ काही लागले नाही. मग, आपल्याशीच बोलावे तसे ते म्हणाले की, माझे वडील लहानपणी याच खडकावर बसत आणि त्यांना पहिली तांबोशी इथेच लागली होती. मुलगा गेल्यावर आजोबा रोज कुठे जात होते, ते मला त्या दिवशी कळले.

(तृतीय वर्ष कला, इंग्रजी विभाग)