ब्रूस मॅकलारेन

ब्रूस लेस्ली मॅकलारेन (३० ऑगस्ट, इ.स. १९३७, ऑकलंड – २ जून, इ.स. १९७०, गुडवुड, इंग्लंड) हे न्यूझीलंडचे मोटारशर्यतपटू, अभियंते व मॅकलारेन संघाचे संस्थापक होते.

नवव्या वर्षी खुब्याच्या पर्थेस विकारामुळे त्यांना दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले; डावा पाय कायमचा आखूड राहिला. वडिलांच्या गॅरेजात ऑस्टिन ७ हाताळत ते वाढले. इ.स. १९५८ मध्ये शिष्यवृत्तीवर ते युरोपात आले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या २२व्या वर्षी, त्यांनी सेब्रिंग येथील अमेरिकन ग्रां प्री जिंकली. स्वतःचा संघ त्यांनी इ.स. १९६३ मध्ये स्थापन केला.

इ.स. १९६६ मध्ये क्रिस एमनसह फोर्ड जीटी४० मार्क २ चालवून त्यांनी ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली. केन माइल्स व डेनी हल्म यांची मोटार जवळजवळ बरोबरीने पोहोचली होती. परंतु मॅकलारेन-एमन जोडीने मागच्या जागेवरून सुरुवात केल्याने त्यांचे अंतर अधिक भरले. हा निकाल आजही वादाचा विषय आहे. हेच हल्म पुढे मॅकलारेन संघाचे आधारस्तंभ ठरले.

वायुगतिकीचे त्यांचे ज्ञान बव्हंशी अनुभवातून आले. एका चाचणीत इंधनटाकीचे झाकण वेग वाढताच दबण्याऐवजी अधिकच उसळू लागले. पुढील भागाखाली हवा कोंडते हे ओळखून त्यांनी रेडिएटरमागचा पत्रा कात्रीने कापला आणि मोटार लगेच वेगवान झाली, असे सांगतात.

इ.स. १९६९ च्या एम८बी मोटारीचा मागील पंख उंच खांबांवर होता. खांब थेट मागील सस्पेन्शनला जोडलेले असल्याने हवेचा खाली दाबणारा जोर मोटारीच्या सांगाड्यावर न येता चाकांवर पडे. त्या वर्षी कॅन-ॲम मालिकेतील सर्व ११ शर्यती संघाने जिंकल्या. पुढील हंगामात असे पंख नियमबाह्य ठरले. त्यामुळे एम८डी मोटारीत पंख खाली आणून मागील आवरणाच्या दोन उभ्या कल्ल्यांमध्ये बसवण्यात आला. आता त्याचा भार आवरणावर होता.

२ जून, इ.स. १९७० रोजी गुडवुड येथे या मोटारीची चाचणी घेताना सरळ पट्ट्यावर मागील आवरण सुटले. मागच्या चाकांवरील दाब नाहीसा होऊन मोटार मार्गाबाहेर गेली व निरीक्षकांच्या चौकीवर आदळली. मॅकलारेन जागीच ठार झाले. ते ३२ वर्षांचे होते.

बारा दिवसांनी मॉस्पोर्ट येथे डॅन गर्नी यांनी एम८डी मोटारीनेच शर्यत जिंकली. हंगामाचे विजेतेपद हल्म यांना मिळाले.