सर ऑब्रे स्मिथ : क्रीडांगणावरून रंगभूमीवर

कुरकुंभच्या माळावर मुरमाड जमिनीत यष्ट्या रोवून खेळणारी आमची मुले क्रिकेटपटूंची नावे तोंडपाठ म्हणून दाखवितात. तथापि इंग्लंडच्या संघाचे नायकत्व करून पुढे नट म्हणून नावाजलेले सर चार्ल्स ऑब्रे स्मिथ हे नाव त्यांच्या कानी क्वचितच आले असेल. म्हणून त्यांचे चरित्र येथे सादर करीत आहोत.

स्मिथ यांचा जन्म २१ जुलै १८६३ रोजी लंडन येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. शिक्षण चार्टरहाउस शाळेत व केंब्रिज विद्यापीठात झाले. सहा फुटांहून चांगलेच उंच असे हे गृहस्थ ससेक्सकडून जलद गोलंदाजी करीत. सरळ धावत न येता ते वळसा घेऊन येत, त्यामुळे ते कोठून उगवतील हे फलंदाजास कळत नसे. कोपऱ्यावरून येणारे स्मिथ असे टोपणनाव त्यांस त्यावरूनच पडले.

मार्च १८८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पोर्ट एलिझाबेथ येथे ते इंग्लंडचे कर्णधार म्हणून उतरले. पहिल्या डावात १९ धावांत ५ गडी बाद करून त्यांनी सामना जिंकविला. पुढे तो कसोटी सामना म्हणून मान्य झाला. लगेचच्या केपटाउनच्या सामन्यात मात्र स्मिथ तापाने आजारी पडले व अवघ्या २३ वर्षांच्या माँटी बाउडेन यांजकडे नायकत्व गेले. स्मिथ यांस पुन्हा कसोटी खेळावयास मिळाली नाही.

दौरा संपल्यावर हे दोघे मित्र जोहान्सबर्ग येथेच राहून समभागांची दलाली करू लागले. तेथे न्यूमोनियाने स्मिथ इतके खंगले की ते मृत झाल्याचे एकदा चुकीने जाहीरही झाले! ते बरे होऊन मायदेशी परतले. बाउडेन मात्र १८९२ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, उमटाली येथे वारले. एकाच्या जागी दुसरा उभा राहिला, आणि आयुष्य लाभले ते पहिल्यास. त्यांच्या चरित्रातील याच प्रसंगाशी आमचे मन वारंवार घोटाळते.

१८९५ च्या सुमारास स्मिथ लंडनच्या रंगभूमीवर आले. सुशिक्षित घरातील मुलाने नाटकात जाणे त्या काळी आपल्याकडे कमीपणाचे मानीत, हे वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नकोच. सत्तरीच्या उंबरठ्यावर हॉलिवूडला जाऊन करारी वृद्ध इंग्रजाच्या भूमिका त्यांनी गाजविल्या. १९३५ च्या एका चित्रपटात ते बंगाल लान्सर पलटणीतील मेजर झाले होते. कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांनाच तेथे हिंदुस्थानची सरहद्द बनविले होते. असल्या चित्रपटांत आपली माणसे बहुधा शत्रू किंवा चाकर म्हणूनच दिसतात. ते आम्हांस रुचत नाही, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

क्रिकेट त्यांनी सोडले नाहीच. १९३२ मध्ये त्यांनी हॉलिवूड क्रिकेट क्लब स्थापिला व मैदानासाठी गवताचे बी थेट इंग्लंडहून मागविले. (आमच्या मुलांनी मुरमाविषयी तक्रार करावयास ही नवी सबब झाली!) त्यांच्या घराच्या छपरावरील वातकुक्कुटही यष्ट्या, बॅट व चेंडू यांचाच होता. एकदा झेल सुटला तेव्हा त्यांनी नोकराकडून चष्मा मागविला, पुढचाही झेल सुटला, तेव्हा नोकराने वाचण्याचा चष्मा आणल्याचा दोष काढला, अशी गोष्ट सांगतात.

१९४४ मध्ये त्यांस सर ही पदवी मिळाली. २० डिसेंबर १९४८ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, बेव्हर्ली हिल्स येथे न्यूमोनियानेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अस्थी समुद्रापार नेऊन ससेक्समधील होव्ह येथे आईच्या कबरीत ठेविल्या आहेत.