शेवटचं प्रूफ

आजचा शास्त्रभाग: लूक 16:10-12

काल मनन टाकता आलं नाही, माफ करा. ऑफिसात रिलीज होतं. पण खरं कारण तेवढंच नाही. आधी ते सांगते, मग पुढे जाऊ.

परवा रात्री साडेअकराला मी एका टिकिटवर 'टेस्टेड' लिहिलं आणि लॅपटॉप मिटला. टेस्ट मी केलं नव्हतं. दोन ओळींचा बदल होता, काही बिघडायचं कारण नव्हतं आणि झोप आली होती. कुणी विचारणारही नव्हतं. सकाळी चहा घेत बायबल उघडलं तर वाचनक्रमात नेमका लूकचा सोळावा अध्याय! कारभाऱ्याचा दाखला सांगून झाल्यावर येशू तिथे शिष्यांना सांगतो की थोडक्यात जो जसा वागतो, तसाच तो पुष्कळातही वागतो. मी अध्याय वाचला, बायबल मिटलं आणि काहीच लिहू शकले नाही.

आज लिहिते आहे ते पंडिता रमाबाईंबद्दल. लहान गोष्टींचा विचार करताना मला त्याच आठवतात. तुम्ही म्हणाल, रमाबाई आणि लहान गोष्टी? त्यांचं तर सगळंच मोठं! शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल दोन ओळी येतात, त्यासुद्धा मोठ्या कामांच्याच. पण मी त्यांचं चरित्र वाचत गेले तेव्हा माझ्या मनात मोठ्या सभा राहिल्या नाहीत. पहाटेचे धडे राहिले, एक उघडं दार राहिलं आणि प्रुफांचे कागद राहिले.

रमाबाईंचा जन्म 1858 चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळी त्यांना पुष्कळ बोलणी बसली. पुढे तीच आई, लक्ष्मीबाई, रमाची गुरू झाली. घर असं नव्हतंच, तीर्थामागून तीर्थ पायी हिंडणारं कुटुंब होतं. दिवसभर कामं, पुराण सांगणं, पाहुणे. त्यामुळे आई पहाटेच, दिवस उजाडायच्या आत, झोपेतल्या लेकीला लाडाने जागं करायची, जवळ घ्यायची आणि श्लोक म्हणवून घ्यायची. रोज थोडं थोडं. त्या थोड्याथोड्यातून भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीला पाठ झाले.

मग दुष्काळ आला. वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी हजारो मैल चालले आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भाऊ वारला. 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, वर्षभरात मनोरमा झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा गेला. चोवीस वर्षांची होण्याआधीच विधवा, पदरात तान्ही मुलगी.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी यायला लागलं होतं, त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. वाँटेजच्या भगिनींकडे त्या राहिल्या. याच भगिनींचं लंडनमधल्या फुलहॅमला एक घर होतं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे प्रेमाने सांभाळत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि आपल्याकडे अशा बायकांचं काय होतं ते त्यांना आठवलं. योहानाच्या चौथ्या अध्यायातल्या विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना तिथेच समजावून सांगितली गेली. एखादा मोठा वादविवाद जिंकून त्या ख्रिस्ताकडे आल्या नाहीत. कुणीतरी कुणाचं तरी पथ्यपाणी नीट बघत होतं, ते पाहून त्यांचं मन वळलं. 29 सप्टेंबर 1883 ला त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

तरी त्या स्वतः नंतर कबूल करतात की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नीट भेटायचा होता. त्याला आणखी सुमारे आठ वर्षं लागली. प्रियांनो, हे वाचून मला केवढा धीर आला! आपल्यातल्या किती जणांचं असंच आहे.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे राहून बालवाडीची शिक्षणपद्धत शिकल्या, पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली. बॉस्टनच्या लोकांनी दहा वर्षं मदत करायचं ठरवलं. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथल्या सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. पुढे त्या धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या.

आणि आता ते दार.

सदनात कुणावर धर्म लादायचा नाही असं ठरलेलं होतं. ज्या मुलींना आपापले सोवळ्याचे नियम पाळायचे होते, त्यांना मोकळीक होती. रमाबाई रोज मनोरमेला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. पुण्यात गवगवा झाला. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. त्यांची काळजीही खोटी नव्हती. समाजाचा विश्वास तुटला तर विधवांच्या शिक्षणाचं सगळं कामच बुडेल, असं त्यांना वाटत होतं. उपाय तसा सोपा होता. दार लावून घ्यायचं.

रमाबाईंनी दार लावलं नाही. मुलींना बोलवायचं नाही हे त्यांना मान्य होतं. पण आपली प्रार्थना लपवायची आणि आलेल्या पोरीला उठवून लावायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेलं. एका दारापायी!

मी या प्रसंगावर बरेच दिवस अडले होते. व्यवहार बघितला तर दार लावणंच शहाणपणाचं. संस्था वाचली असती, शंभर मुलींचं भलं झालं असतं. आपणही असंच म्हणतो ना? मोठ्या कामासाठी एवढी छोटी तडजोड चालते. रमाबाईंचा हिशोब वेगळा होता. सदन देवाचं, ते सांभाळणं त्याचं काम. आपल्या हातात आहे ते फक्त हे दार.

सदन बुडालं नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतःच्या पोरवयातली भूक त्या विसरल्या नव्हत्या. शेकडो मुली आणि विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून सगळ्यांना केडगावच्या शेतावर नेलं. पुण्याहून सोलापूरकडे जाताना दौंडच्या अलीकडे हे स्टेशन लागतं. माझ्या गावाकडच्या गाडीला तिथे थांबा नाही. खिडकीतून फलक सर्रकन मागे जातो, तेवढंच.

तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि माणसं सुमारे 2000 झाली. आपण हा आकडा वाचतो आणि थक्क होतो. पण 2000 म्हणजे रोज 2000 ताटं, तेवढ्यांच्या आंघोळी, डोक्यातल्या उवा, कुणाचा ताप, कुणाचं भांडण. विहिरी खणायच्या, फळबागा लावायच्या, विणकाम शिकवायचं. अंध मुलींसाठी वेगळं घर होतं, त्याला शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तीमयाचं नाव दिलं होतं. चमत्कार म्हणा हवं तर. पण तो रोज सकाळी उठून करावा लागणारा चमत्कार होता.

आता त्या कामाकडे येते ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

साधारण 1905 च्या सुमारास, वयाच्या सत्तेचाळिशीत, रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. मराठी बायबल आधीपासून होतं, पण त्यातली जड संस्कृत भाषा खेड्यातल्या बायकांच्या डोक्यावरून जायची. म्हणून त्या या वयात इब्री आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषेतून थेट साध्या मराठीत आणायचं म्हणून. विचार करा, जिला संस्कृतासाठी 'सरस्वती' म्हणून गौरवलं, तीच बाई आता संस्कृत शब्द बाजूला ठेवून केडगावच्या अंगणात दळणाऱ्या बाईला कळेल असा शब्द शोधत बसली होती. एका शब्दासाठी. मग पुढच्या शब्दासाठी. असं जवळजवळ सतरा वर्षं.

छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली आणि काम केलं तिथल्याच बायकांनी. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली आता खिळे जुळवत होत्या. शिशाचं एक एक अक्षर, तेही उलटं. देवनागरीत तर काना, मात्रा, जोडाक्षरं मिळून खिळ्यांचे शेकडो प्रकार. एक खिळा चुकला की शब्द चुकला. मग प्रूफ काढायचं, तपासायचं, दुरुस्त करायचं, परत काढायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक पानाचा कोड रिव्ह्यू, आणि कंट्रोल झेड नाही!

नवा करार आधी छापून झाला. जुन्या कराराचं काम चालू असतानाच 1921 मध्ये मनोरमा गेली. चाळिशीतली एकुलती एक लेक. वाँटेजच्या बाप्तिस्म्यात कडेवर होती ती, उघड्या दाराच्या खोलीत शेजारी बसायची ती, पुढे काम जिच्या हाती सोपवायचं होतं ती. रमाबाई तोवर थकल्या होत्या, कान जवळजवळ गेले होते. त्या परत टेबलाशी बसल्या आणि प्रुफं तपासू लागल्या. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि लगेचच, 5 एप्रिल 1922 ला, त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं 1924 मध्ये. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलंच नाही.

इथे मी थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण पुढचंही सांगायला हवं. ते भाषांतर आपल्या मंडळ्यांमध्ये रुळलं नाही. आज रविवारी तुमच्या-माझ्या हातात असतं ते बायबल सोसायटीचं. रमाबाईंचं बायबल बहुतेकांनी बघितलेलंही नाही.

मग ती सतरा वर्षं वाया गेली का?

लहान गोष्टींबद्दल आपण बोलतो तेव्हा मनात एक शिडी असते. आज छोटं नीट कर, उद्या देव मोठं देईल. मलाही तसंच वाटायचं. इथे विश्वासू राहिले की मोठी सेवा मिळेल, मोठं व्यासपीठ मिळेल. रमाबाईंची वाट उलटी दिसते. व्यासपीठ, पदव्या, गाजलेलं पुस्तक, हे आयुष्याच्या पूर्वार्धात आलं. उत्तरार्धात त्या दिवसेंदिवस लहान होत गेल्या आणि शेवटी एका काना-मात्रेपर्यंत येऊन पोहोचल्या. त्यांच्यासाठी ती मोठ्या कामाची तयारी नव्हती. ज्याचं वचन आहे त्याच्यासाठी ते नीट करायचं, एवढंच होतं. धनी बघतो आहे हे पुरेसं होतं. शास्त्रभागातला कारभारीसुद्धा शेवटी दुसऱ्याच्याच मालाचा कारभारी आहे, नाही का?

आज सकाळी मी ते टिकिट परत उघडलं. बदल नीट टेस्ट केला, वीस मिनिटं लागली. बग निघाला असता तर लिहायला छान झालं असतं, पण निघाला नाही. सगळं बरोबर चाललं होतं. तरी मी खाली लिहिलं की परवा टेस्ट न करताच मी तसं लिहिलं होतं, टेस्ट आज केलं. लीडने वाचलं आणि अंगठा टाकला. बस, एवढंच. कुणाचं आयुष्य बदललं नाही. पण जेवायला बसताना डोळे मिटून प्रार्थना केली तेव्हा बऱ्याच दिवसांनी वाटलं की माझं दार उघडं आहे.

तुमचं आजचं प्रूफ कोणतं आहे? खूप मोठं काही शोधू नका. दुपारपर्यंत समोर येईलच.

प्रार्थना: हे प्रभू, ज्या गोष्टी कुणी बघत नाही त्यांत मी तुझ्यासमोर खरी राहावी असं कर. फळ दिसलं नाही तरी हातातलं काम नीट करायची बुद्धी दे. येशूच्या नावाने मागते. आमेन.