लोअर परळच्या रस्त्यावरचं नाव : कामगारांचे ना. म. जोशी

नांदेड/लातूर : आपल्या भागातली कितीतरी पोरं आज मुंबईत लोअर परळला सिक्युरिटीत नाहीतर हाऊसकीपिंगला आहेत. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट, कुठलंही गाव घ्या, दोन-चार जण तिकडं सापडतीलच. ही पोरं रोज ज्या रस्त्यावरून ड्यूटीला जातात त्याचं नाव ना. म. जोशी मार्ग. जुनी माणसं त्याला डिलाइल रोड म्हणतात. हे जोशी कोण, असं मी गावी आलेल्या एकाला विचारलं तर तो म्हणाला, असतील कुणी नेते. नेते होते, पण निवडणूक लढवून गेलेले नव्हते. ५ जूनला त्यांची जयंती असते. आपल्याकडं तेव्हा मृगाची घाई असते, म्हणून कुणाच्या ध्यानात राहत नाही.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ सालचा, कुलाबा जिल्ह्यातल्या (आताचा रायगड) गोरेगावचा. पुण्यात शिकले, पदवी घेतली, काही वर्षं मास्तरकी केली. १९०९ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. तिथं गेलं की घरदार, पैसा, बढती हे विषय संपायचे. थोडक्या मानधनावर जन्मभर काम करायचं. जोशींनी ते शेवटपर्यंत पाळलं.

१९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. परळचं दामोदर नाट्यगृह ऐकलं असेल, ते याच संस्थेचं. गिरणगावात तेव्हा कोकण, घाट, देश इथून आलेला माणूस एका खोलीत दहा-दहा जणांत राहायचा, सही येत नव्हती, पगारातून किती कापलं ते कळत नव्हतं. लीगने रात्रशाळा काढल्या, वाचनालयं काढली, पेट्यांत पुस्तकं घालून चाळीचाळीत फिरवली, बायांना हाताचं काम शिकवायचे वर्ग सुरू केले. आज आपण कौशल्य विकास म्हणतो ना, त्याचंच हे जुनं रूप. फरक एवढाच की तिथं सर्टिफिकेटचा फोटो काढायला कुणी येत नव्हतं.

पहिलं महायुद्ध संपलं आणि १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानच्या मजुरांच्या वतीने जोशी गेले. तिथं भारतासाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा ठरली. दुसऱ्या देशांना ४८ आणि आपल्याला ६०. तरी गिरणीत त्या वेळी दिवसाला बारा-बारा तास चालत, म्हणून ६० हीसुद्धा मोठी गोष्ट होती. १९२० ला मुंबईत आयटक स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष होते. जोशी त्यातही होते, पुढं अनेक वर्षं सरचिटणीस राहिले.

खरं काम सुरू झालं १९२१ पासून. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारने त्यांना कामगारांचा प्रतिनिधी म्हणून नेमलं. मजुराला मत नव्हतं, त्यामुळं मजुरांचा माणूस निवडून येणं शक्यच नव्हतं. नेमणूक सरकारची, पण जोशी प्रश्न सरकारलाच विचारायचे. खाणीत किती मेले, कारखान्याची तपासणी किती वेळा झाली, वॉशिंग्टनला कबूल केलेलं काय झालं. पंचवीसेक वर्षं त्यांनी हेच केलं.

त्याच वर्षी त्यांनी ठराव मांडला की कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण द्या. मद्रासला गिरणीच्या मालकांनी संघटना चालवणाऱ्यांना कोर्टात खेचलं होतं, ते ताजं होतं. पाच वर्षं लागली, १९२६ ला ट्रेड युनियन कायदा झाला. मधल्या काळात १९२२ ला कारखाना कायदा सुधारला, ६० तास आले आणि बारा वर्षांखालच्या लेकरांना कारखान्याबाहेर ठेवलं. १९२३ ला खाण कायदा आला. आणि त्याच १९२३ ला आला कामगार नुकसानभरपाई कायदा. कामावर हात तुटला, माणूस गेला, तर मालकाने पैसे द्यायचे, मालकाची चूक सिद्ध करत बसायची गरज नाही.

या कायद्यापाशी मी थांबतो, कारण तो माझ्या खळ्यापर्यंत येतो. मागं एका सुगीत माझ्याच सोयाबीनवर हडंबा चालू होता. पेंढी सारताना एका गड्याची दोन बोटं गेली. मशीन दुसऱ्याचं, माल माझा, गडी मुकादमाने आणलेला. गावात चार माणसं बसली, दवाखान्याचा खर्च आणि वर काही रक्कम ठरली, मी आणि मशीनवाल्याने निम्मी निम्मी दिली. सगळ्यांनी म्हणलं, चांगलं मिटलं. शेतकऱ्यासाठी अपघाताची सरकारी योजना आहे, पण त्याच्या घरात कुणाचंच ७/१२ वर नाव नाही. नुकसानभरपाईच्या कायद्याचं नावही त्या बैठकीत कुणी काढलं नाही, मीही नाही. मला माहीतच नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं, त्या कायद्याची यादी वाढत गेली आणि तिच्यात ट्रॅक्टर किंवा यंत्रावर शेतकाम करणारा मजूर केव्हाच आलेला आहे. कोणत्या अवयवाला किती टक्के हा तक्ताही आहे, अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा.

जोशींचं सगळंच जमलं असं नाही. १९२४ ला त्यांनी बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयक मांडलं. सरकारने विरोध केला, ते पडलं. पण विषय मेला नाही. मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांनी तो उचलला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं त्याच्या बाजूने बोलले आणि १९२९ ला मुंबई इलाख्यात कायदा झाला.

त्याच १९२९ ला नागपूरच्या अधिवेशनात आयटक फुटली. जोशी मवाळ, सरकारशी बोलणी करणारे, म्हणून डाव्यांचा त्यांच्यावर राग. मजुरांची हालत तपासायला नेमलेल्या रॉयल कमिशनवर ते बसले, यावरही टीका झाली. मला वाटतं ती टीका अगदीच खोटी नव्हती, संपाच्या वेळी फार जपून चालणारा माणूस रागच आणतो. पण कमिशनच्या शिफारशींतूनच पुढं १९३४ चा कारखाना कायदा आला, आठवड्याचे तास ५४ झाले.

दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ ला सरकारने बायांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी उठवली. १९४४ च्या फेब्रुवारीत सभागृहात त्यावर तहकुबी सूचना आली. मजूरमंत्री होते खुद्द बाबासाहेब, उत्तर त्यांना द्यावं लागलं. १९४६ ला बंदी परत लागू झाली आणि त्याच वर्षी तास ४८ वर आले. चांगल्या मंत्र्यालाही विचारणारं कुणी समोर असावं लागतं, मला यात हेच दिसतं.

हे सगळं चाललं तेव्हा आपण मात्र निजामाच्या राज्यात होतो. नांदेडला उस्मानशाही मिल होती, जिनिंग-प्रेसिंग होत्या, पण दिल्लीच्या सभागृहाचे कायदे इकडं चालत नव्हते. पोलीस ॲक्शन झाली, राज्यघटना आली, मग ते आपल्यापर्यंत पोचले. कागदावर तरी पोचले.

जोशी ३० मे १९५५ ला गेले. १९२३ चा त्यांच्या काळातला तो कायदा २०२० साली संसदेने सामाजिक सुरक्षा संहितेत घातला. मंजुरीच्या त्या दोन दिवसांत विरोधकांचा बहिष्कार होता, विचारणारी बाकं रिकामी होती.

तो गडी अजून गावातच आहे. यंदाही माझ्याकडं खुरपणीला येतो, उरलेल्या बोटांनी खुरपं धरतो. दोन वर्षांची मुदत केव्हाच टळून गेली. मी त्याला तक्त्याचं अजून सांगितलेलं नाही.