कोनानला मुखपृष्ठावर आणणारी बाई : ९० डॉलरला एक चित्र!

कोनान म्हटलं की डोळ्यांसमोर येतो अर्नोल्ड श्वार्झनेगर. फुगलेले दंड, हातात भलीमोठी तलवार. पण त्या सिनेमाच्या जवळपास ५० वर्षं आधी हाच कोनान एका मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला होता. तिथे तो चांगलाच सडपातळ होता, आणि त्याला रंगवलं होतं शिकागोतल्या एका बाईनं, तेही खडूंनी. तिचं नाव मार्गारेट ब्रंडेज.

मार्गारेटचा जन्म ९ डिसेंबर १९०० चा. वॉल्ट डिस्नी तिच्याच शाळेत होता. पुढे ती कलाशाळेत गेली, पण अक्षरलेखनात गाडी अडली आणि शिक्षण अर्धवट राहिलं. मग वर्तमानपत्रांसाठी फॅशनची चित्रं काढणं सुरू झालं. १९२७ मध्ये तिनं स्लिम ब्रंडेजशी लग्न केलं. हा गडी कामगार चळवळीतला, बोलण्यात पटाईत, पण घरात टिकणारा नव्हे. त्यात महामंदी आली. मुलगा आणि आजारी आई, दोघांचाही भार मार्गारेटवर पडला.

कामाच्या शोधात ती ‘वियर्ड टेल्स’चे संपादक फार्न्सवर्थ राइट यांच्याकडे पोहोचली. भुतंखेतं, जादूटोणा, हरवलेली साम्राज्यं अशा कथा छापणारं हे २५ सेंटचं मासिक. राइटनी आधी आपल्या दुसऱ्या मासिकाचं काम दिलं आणि सप्टेंबर १९३२ मध्ये ‘वियर्ड टेल्स’चं मुखपृष्ठ. मोबदला, एका चित्राचे ९० डॉलर. मंदीच्या दिवसांत ही रक्कम म्हणजे घरखर्चाचा मोठा आधार होता.

कामाची पद्धत साधी होती. अंकातली मुख्य कथा वाचायची, दोन-तीन कच्ची रेखाटनं करायची, राइट त्यातलं एक निवडणार. मग पक्कं चित्र पेस्टल खडूंनी. बहुतेक मुखपृष्ठकार तैलरंग वापरायचे. पेस्टलमुळे त्वचेला मऊ झाक यायची, रंग उजळ दिसायचे आणि स्टॉलवर अंक लांबूनच ओळखू यायचा. अडचण एकच. पेस्टल म्हणजे शेवटी रंगाची भुकटी, हात लागला की पुसली जाते. मासिकाचं ऑफिस शिकागोतच असल्यामुळे तेवढं निभावत होतं.

जून १९३३ पासून तिनं सलग ३९ मुखपृष्ठं केली. रॉबर्ट हॉवर्डच्या कोनान-कथांची नऊ मुखपृष्ठं तिचीच. मे १९३४ च्या अंकावर कोनान स्वतः दिसतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या कथेत तर ‘वेंध्य’ नावाचा देश आणि यास्मिना नावाची देवी आहे. विंध्य पर्वत कुठून कुठे पोहोचला बघा! खरं सांगायचं तर मार्गारेटला पुरुष फारसे जमत नसत. तिची चित्रं उभी राहतात ती बायकांवर. ऑक्टोबर १९३३ ची वटवाघळाचा मुखवटा घातलेली बाई आजही पोस्टरवर दिसते.

या बायकांच्या अंगावर कपडे बेताचेच. वाचकांच्या पत्रांमध्ये यावरून भांडणं जुंपायची. पण असे अंक जास्त खपतात हे राइटना ठाऊक होतं. सही असायची ‘एम. ब्रंडेज’, त्यामुळे अनेकांना हा पुरुषच वाटायचा. ती बाई आहे हे राइटनीच जाहीर केलं, तेव्हा वाद आणखी रंगला.

१९३८ मध्ये मासिक विकलं गेलं आणि ऑफिस न्यूयॉर्कला हललं. आता पेस्टलची नाजूक चित्रं हजारेक किलोमीटर पाठवायची कशी? शिवाय न्यूयॉर्कमध्ये ‘अश्लील’ मुखपृष्ठांविरुद्ध मोहीम सुरू होती, नव्या मालकांनी मोबदलाही कमी केला. ज्या खडूंनी तिला नाव दिलं, तेच आता आड आले. काम तुरळक होत गेलं. १९३९ मध्ये घटस्फोट झाला. जानेवारी १९४५ मध्ये तिचं शेवटचं नवं मुखपृष्ठ आलं.

कोनानला मात्र पुढे फ्रँक फ्राझेटा भेटला. १९६६ पासूनच्या त्याच्या पुस्तक-मुखपृष्ठांवरून आजचा दणकट कोनान घडला. मार्गारेट विज्ञानकथाप्रेमींच्या संमेलनांत आपली मूळ चित्रं घेऊन जायची, तिथून काही चोरीला गेली. तिची आर्थिक घडी पुन्हा बसलीच नाही. ९ एप्रिल १९७६ रोजी ती गेली, तेव्हाही हात तंगच होता.