पुत्यातिन आणि त्याची ‘डायना’

आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. गोदावरी आणि मांजरा एवढेच आपले मोठे पाणी. पण धरणी हलली म्हणजे काय होते, हे आपल्या भागाला ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी जमीनदोस्त झाली. अशाच एका भूकंपाने ज्याचे लढाऊ जहाज निकामी केले, त्या येव्फीमी पुत्यातिन या रशियन नौसेनानीची ही कथा आहे.

त्याचा जन्म १८०३ चा. नौदलाच्या शाळेतून बाहेर पडताच त्याने लाझारेव्हच्या हाताखाली पृथ्वीप्रदक्षिणा केली. १८२७ मध्ये नवारिनोच्या आरमारी लढाईत तो होता. ही झाली उमेदवारी. खरे काम पुढेच होते. दोनशे वर्षे दारे लावून बसलेल्या जपानशी व्यापाराचा व सरहद्दीचा करार करण्यासाठी झारने त्याला धाडले. अमेरिकेचा पेरी १८५३ मध्ये तोफा दाखवीत थेट एडोजवळ शिरला होता. पुत्यातिन मात्र परकीयांसाठी नेमून दिलेल्या नागासाकी बंदरात गेला आणि थांबला. हा धीर मला त्याच्या साऱ्या पराक्रमाहून मोठा वाटतो.

अखेर शिमोदा येथे बोलणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २३ डिसेंबर १८५४ रोजी, भूकंप झाला. पाठोपाठ त्सुनामी आली. (हा शब्द आपल्या तोंडी बसला तो २००४ नंतर.) शिमोदा गाव जवळजवळ सगळे वाहून गेले. बंदरातली ‘डायना’ भोवऱ्यात सापडून भिंगरीसारखी फिरली. सुकाणू तुटले, तळाचा कणा उखडला, सुटलेल्या तोफेखाली एक खलाशी चिरडला. तशाही स्थितीत रशियनांनी वाहत चाललेल्या जपानी माणसांना वर ओढले. पुत्यातिनने गावकऱ्यांसाठी आपला डॉक्टर देऊ केला.

जहाज दुरुस्त करायचे, पण कुठे? क्रिमियाचे युद्ध चालू होते. इंग्रज-फ्रेंचांच्या नजरेला पडणार नाही अशी जागा हवी होती. हेदा नावाचा लहानसा आडोशाचा उपसागर ठरला. तोफा उतरवून ‘डायना’ निघाली, तर वादळाने तिला भलतीकडेच, फुजी पर्वताच्या पायथ्याच्या किनाऱ्याकडे, लोटले. तेथल्या कोळ्यांची स्वतःची घरे भूकंपात पडलेली होती. तरीही त्यांनी थंडीत दोर धरून सुमारे पाचशे खलाशांना सुखरूप किनाऱ्यावर आणले.

मग जहाज वाचविण्याचा शेवटचा प्रयत्न झाला. सुमारे शंभर होड्यांनी दोर बांधून ते अजस्र धूड हेदाकडे ओढायला घेतले. ज्या देशात परक्याशी बोलणेही गुन्हा होता, तेथील कोळी परक्यांचे लढाऊ जहाज ओढत होते! वाटेत एकाएकी आभाळ फिरले. कोळ्यांनी ते ओळखले, दोर कापले आणि होड्या पळविल्या. १९ जानेवारी १८५५ ला ‘डायना’ बुडाली.

जहाज गेले, पण त्यातून वाचविलेल्या सामानात नौदलाच्या मासिकाचा एक अंक होता आणि त्यात एका लहान शिडाच्या जहाजाचा आराखडा होता! त्यावरून रशियन अधिकारी व हेदाचे सुतार कामाला लागले. अधिकाऱ्यांमध्ये मोझाइस्की होता. पुढे त्याने विमान बांधण्याचे प्रयोग केले. भाषा एकमेकांना कळत नव्हती, मापेही वेगळी. तरी काही महिन्यांतच जहाज पाण्यात उतरले. पुत्यातिनने त्याला गावाचेच नाव दिले, ‘हेदा’. दरम्यान ७ फेब्रुवारी १८५५ ला करारही झाला होता. मे महिन्यात काही सोबत्यांसह तो त्याच जहाजातून मायदेशी निघाला. पुढे ‘हेदा’ जपानला परत देण्यात आली, ‘डायना’च्या तोफाही भेट म्हणून दिल्या गेल्या. त्या सुतारांनी त्याच धर्तीवर आणखी जहाजे बांधली.

त्याचे उत्तरायुष्य थोडक्यात सांगतो. १८६१ मध्ये तो शिक्षणमंत्री झाला. त्याच्या कडक नियमांविरुद्ध पीटर्सबर्गचे विद्यार्थी उठले, विद्यापीठ बंद पडले, आणि वर्ष संपायच्या आत त्याला पद सोडावे लागले. त्सुनामीतून निभावलेला हा माणूस विद्यार्थ्यांपुढे मात्र टिकला नाही, याची आपल्या प्राध्यापकांनी नोंद घ्यावी!

१८८३ मध्ये तो पॅरिसला वारला. चार वर्षांनी त्याची मुलगी ओल्गा बापाचे जहाज बांधणाऱ्यांना भेटायला हेदा गावी गेली. विसाव्या शतकात समुद्रातून काढलेला ‘डायना’चा नांगर त्या गावाने आपल्या संग्रहालयापाशी ठेवला आहे.